जुन्या शेगड्याचा जीर्णोद्धार

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी व्यवसायाचे शिक्षण घेऊ लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती बाकावरच्या शेगड्याशी. कारखान्यात याच साधनाला सर्रास 'व्हाइस' म्हणतात. कानस चालविणे, करवतीने कापणे, आटे पाडणे ही सर्व कामे शेगड्याच्या पकडीवर अवलंबून असतात. पकड ऐन वेळी सुटली, तर वस्तू तर बिघडतेच. शिवाय हाताला इजा होण्याचा धोकाही असतो. अनेक कर्मशाळांच्या कोपऱ्यात गंजलेले जुने शेगडे पडून असतात. त्यांतील पुष्कळसे थोड्या श्रमाने पुन्हा वापरात आणता येतात. मात्र रंग हा या दुरुस्तीचा शेवट आहे, आरंभ नव्हे, हे प्रथमच लक्षात घेतले पाहिजे.

खोलणे व सफाई

दांडा उलट दिशेने फिरवीत गेल्यास स्क्रू नटातून सुटतो आणि सरकता जबडा बाहेर काढता येतो. तो जड असल्याने खालून आधार द्यावा. स्क्रूवरील वॉशर, स्प्रिंग व पिन कोणत्या क्रमाने निघाल्या, याची कागदावर नोंद ठेवावी. जबड्यांच्या पोलादी पट्ट्यांचे स्क्रू गंजाने धरून बसलेले असतात. त्यांवर गंज सोडविणारे पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे आणि खाचेत नेमका बसणारा पेचकस वापरावा.

साचलेले जुने वंगण रॉकेल किंवा डिझेलने धुऊन काढावे. हे काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे. नंतर तारेच्या ब्रशाने गंज काढावा. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच. गंज काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरण्याचा मोह टाळावा. बिडाच्या सूक्ष्म छिद्रांत राहिलेले आम्ल पुढे रंगाखालून पुन्हा गंज आणते.

जुना रंग खरवडताना विशेष सावधगिरी हवी. पूर्वी लोखंडावर शिसेयुक्त शेंदरी अस्तर देण्याची पद्धत होती. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्या देशात 2016 साली झाले. त्यापूर्वीचा रंग शिसेयुक्त असण्याचा संभव धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये अथवा जाळू नये. तो ओला करून खरवडावा, निघालेला चुरा गोळा करावा आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये.

तड्यांची परीक्षा

सर्वसाधारण शेगड्याचे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. कोल्हापूरच्या ओतशाळांमुळे हा धातू आपल्या परिचयाचा आहे. बिडात साधारणपणे दोन ते चार टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते दाब उत्तम सोसते, परंतु ठिसूळही असते. दांड्याला पाइप जोडून जोर लावल्याने किंवा जबड्यावर हातोड्याचे घाव घातल्याने त्याला बारीक तडे जातात. ते बहुधा जबड्यांच्या बुडाशी आणि बोल्टांच्या छिद्रांजवळ आढळतात.

तडा शोधण्याची एक सोपी रीत आहे. स्वच्छ केलेल्या भागाला रॉकेल लावून काही वेळ थांबावे, तो कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची भुकटी पसरावी. तड्यात शिरलेले रॉकेल वर येऊन भुकटीवर ओली रेघ उमटते. भार पेलणाऱ्या भागात अशी रेघ दिसली, तर तो शेगडा कामातून बाद करावा. बिडाचे जोडकाम खास कौशल्याचे असते. साध्या वेल्डिंगवर विसंबणे धोक्याचे ठरते. तड्यावर रंग चढविणे म्हणजे तर पुढच्या कामगाराची फसवणूकच होय.

यानंतर स्क्रू व नट यांचे आटे पाहावेत. भार पेलण्यासाठी शेगड्याच्या स्क्रूचे आटे बहुधा चौरस ठेवलेले असतात. ते झिजून पातळ व धारदार झाले असतील, तर झिजलेला भाग बदलावा. गुळगुळीत झालेल्या जबड्यांच्या पट्ट्याही बदलाव्यात.

रंगकाम

जबड्यांच्या पट्ट्यांची बैठक, सरकत्या भागाचे घासणारे पृष्ठ, स्क्रू व नट यांना रंग लावू नये. तेथे चिकटपट्टी लावून घ्यावी. उरलेला भाग थिनरने पुसून तेलाचा अंश काढावा; तेलकट पृष्ठावर रंग धरत नाही. सफाईनंतर उघड्या धातूवर लवकर गंज चढतो, म्हणून अस्तराचा रंग त्याच दिवशी द्यावा. ते वाळल्यावर एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड थर ओघळतो आणि आतून ओला राहतो.

जोडणी व वापर

रंग पुरता वाळल्यावर स्क्रूला ग्रीस व सरकत्या भागाला तेल लावून नोंदीच्या क्रमाने जोडणी करावी. मग जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी धरून शेगडा आवळावा. एक पट्टी घट्ट आणि दुसरी सैल राहिली, तर जबडे समांतर मिळत नाहीत, असे समजावे. पट्ट्यांमागे कचरा अडकला आहे काय, हे अशा वेळी प्रथम पाहावे.

शेगडा बाकावर बसविताना स्थिर जबड्याचे तोंड बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवावे. त्यामुळे लांब वस्तू उभी धरता येते. जबड्यांची वरची कड काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर असावी. दांडा केवळ हाताच्या जोराने आवळावा.

रंगाची चकाकी काही महिन्यांत ओसरेल. परंतु तपासून, निर्दोष ठरवून बसविलेला शेगडा पुढे कित्येक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल. जुनी वस्तू वाचविण्याइतकेच, ती कधी वाचवू नये हे ओळखणे, हाही कारागिराच्या शिक्षणाचा भाग आहे.