रक्तसाक्षी : एका शब्दाचा अभ्यास

'हुतात्मा' हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. मुंबईचा हुतात्मा चौक सगळ्यांना माहीत आहे. 1942 च्या चळवळीत आपल्या हुबळीतला नारायण डोणी हा शाळकरी मुलगा गोळी लागून गेला, त्याचं नावही आपण हाच शब्द लावून घेतो. 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं. ज्यानं स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा.

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात याच अर्थाच्या जवळचा आणखी एक शब्द आहे : रक्तसाक्षी. उपवासकाळात उपदेशात तो हमखास ऐकू येतो. आपल्या साहित्य मंडळाच्या अभ्यासवर्गात यंदा मी हाच शब्द घेतला होता. वर्गात जे बोलणं झालं, ते थोडं नीट लावून इथं मांडतो आहे.

शब्दाच्या पोटात काय आहे?

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस'. त्याचा साधा अर्थ साक्षीदार, कोर्टात उभा राहतो तसा. सुरुवातीला या शब्दात मरणाचा काही संबंध नव्हता. जे पाहिलं, जे अनुभवलं ते सांगणारा तो मार्तुस. पण सांगितल्याबद्दल माणसं मारली जाऊ लागली. यरुशलेमात स्तेफनाला दगडमार झाला, आणि हळूहळू 'साक्षीदार' या शब्दालाच मरणाचा अर्थ चिकटला. गंमत अशी की अरबीतला 'शहीद' हा शब्दही साक्ष देणे याच अर्थाच्या धातूतून आला आहे. म्हणजे आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा शब्द आणि ख्रिस्ती लोकांचा शब्द, दोन्हींच्या मुळाशी साक्षच आहे.

हुतात्मा आणि रक्तसाक्षी यांतला फरक इथं दिसतो. आहुतीत देणं महत्त्वाचं असतं. साक्षीत खरं बोलणं महत्त्वाचं असतं. साक्षीदार मरण मागायला कोर्टात जात नाही. तो खरं सांगायला जातो, आणि दबाव आला तरी जबाब फिरवत नाही, एवढंच. मरण आलं तर ते त्या न फिरवण्याची किंमत म्हणून येतं.

वर्गातला प्रश्न

आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं थोडी. मराठा, सावजी, मुसलमान घरांतली आणि घरी कन्नड बोलणारी मुलं जास्त. एवढं ऐकून झाल्यावर एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, मरायला तयार असणं हे चांगलंच, असं कसं म्हणायचं? जे मारायला निघतात, तेही हेच म्हणतात ना, आम्ही धर्मासाठी मरायला तयार आहोत?"

वर्ग गप्प झाला. प्रश्न चुकीचा नव्हता. आपण ज्या काळात राहतो, त्यात हा प्रश्न न विचारता या विषयावर बोलणंच बरोबर नाही. म्हणून मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आधी चर्चनं स्वतः या बाबतीत काय कसोट्या लावल्या, ते बघू म्हटलं.

जुन्या मंडळीच्या कसोट्या

पहिली कसोटी : मरण शोधायला जाऊ नये. दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहरात पॉलिकार्प नावाच्या वृद्ध बिशपला जाळून मारण्यात आलं. त्या घटनेचा जो जुना वृत्तांत आहे, त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाचीही हकीकत येते. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि जंगली जनावरं बघताच घाबरून त्यानं विश्वास सोडला. वृत्तांत लिहिणाऱ्यांनी त्याच्या भित्रेपणापेक्षा त्याच्या उतावीळपणाला जास्त दोष दिला आहे. कार्थेजचा बिशप सिप्रियन 250 साली छळ सुरू झाल्यावर लपून राहिला. लोकांनी नावं ठेवली. पण 258 साली वेळ आली तेव्हा त्यानं शांतपणे मान पुढे केली. पळून जाणं म्हणजे दर वेळी नाकारणं नव्हे. स्वतः येशूनंही गेथशेमाने बागेत, हा प्याला टळावा म्हणूनच आधी प्रार्थना केली होती.

दुसरी कसोटी : शिक्षा किती भयंकर होती याला महत्त्व नाही, कारण काय होतं याला आहे. हे ऑगस्टिननं उत्तर आफ्रिकेत पुन्हापुन्हा सांगितलं, कारण तिथं एका पंथातली काही माणसं मारामारी करून मरत होती आणि मेल्यावर त्यांना रक्तसाक्षी म्हटलं जात होतं. चोरालाही सुळावर चढवतात. तेवढ्यानं चोर साक्षीदार होत नाही.

तिसरी कसोटी तर फार कमी लोकांना माहीत असते. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विरा इथं एक धर्मसभा भरली. तिच्या साठाव्या नियमाचा आशय असा : कुणी मूर्ती फोडली आणि त्यासाठी तो तिथंच मारला गेला, तर त्याचं नाव रक्तसाक्ष्यांच्या यादीत घालू नये. कारण असं वागणं शास्त्रात नाही आणि प्रेषितांनीही कधी केलं नाही.

चौथी गोष्ट कसोटीपेक्षा दयेची आहे. छळाला घाबरून ज्यांनी विश्वास नाकारला, त्यांना कायमचं बाहेर काढावं असा कडक लोकांचा आग्रह होता. सिप्रियन आणि इतर बिशपांनी तसं केलं नाही. पश्चात्तापाची वाट ठेवून अशा लोकांना परत घेतलं. मरण्याची तयारी ही दुसऱ्याला मोजायची पट्टी नव्हे, हे यातून कळतं.

कुंकळ्ळी, 1583

आता या कसोट्या घेऊन आपल्या जवळच्या एका घटनेकडे येऊ. 25 जुलै 1583 रोजी गोव्यात साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले. त्यांचा प्रमुख रुडॉल्फ आक्वाविवा हा इटालियन तरुण. तीन वर्षं तो फतेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून नुकताच परत आला होता. हल्ला झाला तेव्हा त्यानं प्रतिकार केला नाही. या पाचांबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती माणसंही मेली. 1893 साली पोपनं पाच जेझुइटांना 'धन्य' हा दर्जा दिला. त्यांच्याबरोबर मेलेल्या स्थानिकांना तो मिळाला नाही.

पण गोष्ट इथं सुरू होत नाही आणि संपतही नाही. त्याआधी पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली होती, आणि मेलेल्यांपैकी पाशेकू आणि बेर्नो हे दोघे त्या मोहिमांमध्ये सामील होते. गावकऱ्यांचा राग त्यातून आला होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी म्हणून बोलावलं आणि न्यायनिवाडा न करता मारलं. एकानं नदीत उडी टाकून जीव वाचवला असं सांगतात. कुंकळ्ळीत आज त्या नायकांचं स्मारक आहे.

एल्विराचा नियम इथं लावला तर काय होतं? ती सभा पोर्तुगालच्या शेजारच्याच भूमीवर भरली होती. तिच्या कसोटीवर देऊळ पाडणाऱ्याचं मरण साक्ष ठरत नाही. आक्वाविवानं मात्र नि:शस्त्र मरण पत्करलं, ते वेगळं तोलायला हवं. एकाच दिवशी एकाच जागी मेलेल्या माणसांची साक्षही एकसारखी नसते, असं मला वाटतं. आणि ज्या नायकांनी आपलं देऊळ, आपली जमीन, आपली गावकी वाचवायला जीव गमावला, त्यांच्याबद्दल आदर ठेवायला ख्रिस्ती माणसाला काहीच अडचण नसावी. वर्गात मी हे असंच बोललो.

मराठीच्या अभ्यासकानं इथं आणखी एक नाव लक्षात ठेवावं. या पाचांचे मृतदेह परत आणून पुरण्याच्या कामात फादर थॉमस स्टीफन्स होते. 1579 साली गोव्यात आलेला हा इंग्रज माणूस पुढे बहुतेक आयुष्य साष्टीतच राहिला, इथली भाषा शिकला, आणि 1616 साली रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. येशूची कथा त्यानं मराठी ओवीत, आपल्या पुराणांच्या चालीत सांगितली. ज्या गावकऱ्यांनी आपले सहकारी मारले, त्यांच्याच मुलखाची भाषा शिकून तिच्यात हजारो ओव्या लिहायच्या, हीसुद्धा मला एक साक्षच वाटते. तिला रक्त लागलं नाही, पण उभं आयुष्य लागलं.

वसईचा दुभाषा

दुसरं उदाहरण वसईचं. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईत 1556–57 च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच. लहान वयात ते जेझुइटांबरोबर जपानला गेले आणि जपानी बोली उत्तम शिकले. जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, मनिलाला गेले, आणि तिथं फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. 1593 साली पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषे म्हणून ते पुन्हा जपानला आले. क्योतोत या बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला.

इथंही राजकारण होतंच. 1596 साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं आणि मिशनरी म्हणजे परकीय राज्याची आघाडी, हा हिदेयोशीचा संशय पक्का झाला. तो संशय अगदी निराधार होता असं इतिहास शिकलेला माणूस म्हणणार नाही. 26 जणांना पकडलं, प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, आणि भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधून भाल्यानं मारलं. त्यांतले 20 जण जपानी होते. सगळ्यांत लहान लुई इबाराकी, बारा वर्षांचा. 1862 साली या सगळ्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गार्सियांचं नाव घेतलं जातं, आणि वसईत गास गावचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे.

या माणसाच्या हातांनी काय केलं ते बघा. दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला समजावलं, रोग्यांची सेवा केली. हत्यार धरलं नाही, कुणाचं देवस्थान मोडलं नाही. पाठीमागे साम्राज्य होतं, पण हात रिकामे होते. कसोटी मी इथं लावतो.

न मरता दिलेली किंमत

एक गोष्ट राहिली. किंमत फक्त साक्षीदार देत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा निर्णय होता. पण लक्ष्मीबाईंवर तो कोसळला. नवरा जिवंत असून घर मोडलं, नातलगांचं बोलणं सोसावं लागलं, आणि काही वर्षं वेगळं राहिल्यावर त्यांनी स्वतःच्या वाटेनं, स्वतः विचार करून तो विश्वास स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे, त्यांना हे सांगायला नको. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या दृष्टीनं जरूर वाचावं. सोसायची माझी तयारी आहे असं म्हणताना, माझ्यामुळे कोण सोसणार आहे, हेही विचारलं पाहिजे. ते न विचारणारी तयारी अर्धीच म्हणायची.

मग उत्तर काय?

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या आठवड्यात जे सांगितलं, ते असं. मारायला निघालेला माणूसही मरायला तयार असू शकतो, हे खरं. म्हणून नुसत्या तयारीवरून काहीच सिद्ध होत नाही. साक्षीदाराची ओळख अशी, की तो किंमत स्वतःच्या अंगावर घेतो, समोरच्याच्या अंगावर टाकत नाही. ज्याला मारणाऱ्याचंही भलं मागता येतं, त्याचीच साक्ष येशूच्या क्रुसाशी जुळते. बाकीचं सगळं शौर्य असेल, हट्ट असेल, पण रक्तसाक्ष नव्हे.

यावर ती म्हणाली, "म्हणजे सर, हा शब्द फार थोड्यांना लागू होतो." मी म्हटलं, होय, आणि तो थोड्यांनाच लागू राहू दे. आपल्यापैकी बहुतेकांवर नागासाकीची वेळ येणार नाही. आपल्याकडे साक्ष लहान गोष्टींत मागितली जाते : खोट्या सहीला नाही म्हणण्यात, शेजाऱ्याच्या धर्माची टिंगल चालली असताना गप्प न बसण्यात. तिथं जबाब न फिरवणं हेही पुरेसं अवघड आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. 'हुतात्मा', 'शहीद' आणि 'रक्तसाक्षी' हे शब्द वर्तमानपत्रांत कुठं कुठं वापरले जातात? एकाच्या जागी दुसरा घातला तर अर्थ कसा बदलतो?

2. कुंकळ्ळीच्या घटनेला एल्विराची कसोटी लावणं योग्य आहे का? दोन्ही बाजूंनी विचार करून एक पान लिहा.

3. फादर स्टीफन्स आणि गोन्सालो गार्सिया, दोघांच्याही आयुष्यात परकी भाषा शिकणं महत्त्वाचं ठरलं. भाषा शिकणं आणि साक्ष देणं यांचा काय संबंध असावा?

4. 'स्मृतिचित्रे' वाचून लक्ष्मीबाईंनी दिलेली किंमत स्वतःच्या शब्दांत मांडा.