चित्रकलेच्या क्लासला फी द्यावी का?

लातुरात कुणी काही शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "क्लास कुठं लावला?" आणि लगेच दुसरा, "किती घेतात?" बारावी सायन्सचा 'लातूर पॅटर्न' ज्या गावाने उभ्या महाराष्ट्राला दिला, तिथे हे होणारच. बदली होऊन नांदेडला आलो तर तिथेही तीच तऱ्हा. चौकाचौकात नीट-जेईईचे फलक, त्यावर पोरांचे फोटो आणि गुण. चाळिशी उलटल्यावर मी पेन्सिल हातात घेतली तेव्हा बँकेतल्या मंडळींनी हेच दोन प्रश्न विचारले. "काय काढलंस, दाखव की," असं म्हणणारे फार थोडे निघाले.

या दोन गावांत राहून, क्लास लावून, सोडून, पुन्हा लावून जे उमगलं ते लिहितोय. चित्रकार म्हणून नव्हे, फी भरणारा म्हणून.

१. आधी वही भरा, मग फी भरा

साधी चित्रकलेची वही, एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली, एक खोडरबर. ही सामग्री नांदेडच्याच काय, कंधार-निलंग्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळते. घरातला तांब्या, चपलांचा ढीग, पंखा, झोपलेला माणूस. जे समोर दिसेल ते काढत एक वही संपवायची. चित्रं चांगली यावीत ही अपेक्षाच नको.

याचे दोन फायदे. एक म्हणजे हा नाद टिकणारा आहे की श्रावणापुरता, ते फुकटात कळतं. दुसरा जास्त मोलाचा. क्लासच्या पहिल्या महिन्यात जे शिकवतात, म्हणजे आडव्या-उभ्या रेघा, गडद ते फिकट छटा, घन, गोल, नळकांडं, ते घरी बसूनही होतं. यूट्यूबवर मराठीतही ढिगाने आहे. वही भरल्यावर तुम्ही क्लासच्या दारात जाता तेव्हा "मला चित्रकला शिकवा" असं मोघम न म्हणता "माझी माणसं ताठ येतात, यावर काय करू?" असं विचारता. शिक्षकाचाही चेहरा खुलतो. पुष्कळदा त्या एका प्रश्नाचं उत्तर ते उभ्याउभ्याच देऊन टाकतात.

२. माहिती फुकट मिळते, नजर मिळत नाही

क्लासमध्ये माझ्या शेजारी दहावीतली एक मुलगी बसायची. वस्तुचित्राला तांब्या होता. तिने तो सुबक काढला, छायाप्रकाशही नीट. पण तांब्या टेबलावर टेकल्यासारखा वाटेना, कागदाला चिकटवल्यासारखा दिसत होता. आम्ही दोघांनी बराच वेळ बघितलं, काही सापडेना.

सर आले. चित्राला हातही लावला नाही. स्टीलचं फुलपात्र पाण्याने अर्धं भरलं आणि मुलीला म्हणाले, "बेटा, हे डोळ्यासमोर धर. पाणी कसं दिसतं?" सरळ रेघ दिसत होती. "आता हळूहळू खाली ने." फुलपात्र खाली जाऊ लागलं तशी ती रेघ उघडत गेली. आधी चपटी अंडाकृती, मग जास्त गोल. "तांब्याचं तोंड डोळ्याला जवळ आहे, बूड लांब खाली. मग जास्त गोल कोण दिसेल?" मुलीने जीभ चावली. तिने तोंडाची अंडाकृती बरोबर काढली होती आणि बुडाला पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. टेबल सपाट आहे हे डोक्याला ठाऊक, म्हणून डोळ्याला न विचारता हाताने ती ओढली.

दृष्टिपातळीचा हा नियम दहा व्हिडिओंमध्ये सांगितलेला आहे. तिने त्यातले काही पाहिलेही होते. पण माझ्या या चित्रात, या जागी, तो नियम मोडला आहे हे व्हिडिओ सांगत नाही. आपल्याला दिसत नाही म्हणूनच ती चूक असते. ती नजर ज्याच्याकडे आहे, त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि खुशीने द्यावेत. बाकी तासाभराच्या बैठकीतला बराचसा वेळ आपण नुसते गिरवत असतो. ते घरच्या पंख्याखालीही होतं.

३. "छान आहे साहेब"

ही मोठ्या माणसांची अडचण आहे, लहानांची नाही. आपल्या भागात बँकेतला, कचेरीतला माणूस क्लासला आला की शिक्षक त्याला साहेब म्हणतात आणि साहेबाची चूक काढायला संकोचतात. मी सुरुवातीला ज्यांच्याकडे जात होतो ते सर दहावीच्या पोरांच्या कागदावर सरळ रेघ मारून दुरुस्ती करायचे. माझ्याकडे आले की "छान आहे साहेब, असंच चालू द्या." कौतुक ऐकायला गोड वाटतं, पण त्यासाठी फी कशाला? घरचे फुकट करतात. शेवटी त्यांना म्हणालो, "सर, मला इथं साहेब म्हणू नका, आणि चित्र बघताना तर अजिबात नको." त्यांना ते जमलं नाही. क्लास बदलला. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या चित्रातला हात बघून विचारलं, "हे वांगं आहे का?" तिथे राहिलो.

४. चौकटीच्या चित्रांपासून सावध

फोटोवर उभ्या-आडव्या रेघांची चौकट आखायची, कागदावर तशीच मोठी आखायची आणि एकेक घर भरत जायचं. महिन्याभरात शिवाजी महाराज हुबेहूब उतरतात, मागोमाग एखादा नट. आई-बाप हरखतात, स्टेटसवर चित्र झळकतं, क्लासची जाहिरात होते. पुढच्याच आठवड्यात त्या मुलाला समोर बसलेल्या आजीचं चित्र काढायला सांगा. हात थांबतो.

नक्कल वाईट असं म्हणणं नाही. १८७२ पासून पुढे कितीतरी वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला यायचे आणि भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घ्यायचे. पण ती पोरं रेखाटनात मुरून तिथे पोचली होती. चौकट हे मोठं चित्र भिंतीवर उतरवण्याचं साधन आहे, जुने पेंटरही वापरत. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून तेच चालू असेल तर तिथे बघणं शिकवत नाहीत, घरं भरणं शिकवतात. चौकशीला जाल तेव्हा सरांची चित्रं पाहू नका, ती चांगलीच असणार. विद्यार्थ्यांनी वस्तू समोर ठेवून काढलेली चित्रं मागा.

५. परीक्षेचा हिशेब वेगळा

कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा दोन, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएट झालेल्याला दहावीत वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. त्यामुळे आपल्याकडे या परीक्षेचेही क्लास निघाले, आणि पॅटर्नच्या गावात जे व्हायचं तेच झालं. स्मरणचित्रासाठी बाजार, बागेतली मुलं, बसस्टॉप अशी दोन-तीन दृश्यं पाठ करून घेतात. विषय काहीही आला तरी तीच माणसं थोडी इकडची तिकडे.

ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक आहेत, तिथल्या मुलाला या परीक्षेसाठी बाहेर फी भरायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेचे सर शनिवारी दुपारी बसवून तयारी करून घेतात, पालकांनी फक्त विचारायला हवं. भूमितीचा पेपर तर कंपास आणि सराव एवढ्यावर निघतो.

याउलट मुलाला खरोखर बीएफए करायचं असेल, राज्याच्या कला प्रवेश परीक्षेला बसायचं असेल, किंवा आर्किटेक्चरसाठी नाटा द्यायची असेल, तर फी द्या, मागेपुढे पाहू नका. ठरलेल्या वेळात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र संपवणं ही वेगळी कसरत आहे आणि ती करून घेणारा माणूस लागतो. शासनाचं जवळचं कला महाविद्यालय आपल्याला छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पाच-सहा तासांवर. तिथे एकदा मुलाला नेऊन भिंतीवरची विद्यार्थ्यांची कामं दाखवून आणा. त्या प्रवासाचा खर्च हीदेखील फीच, आणि पुरेपूर वसूल होणारी.

६. गोलाई आणि पेंटर

लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोलाकार दुमजली इमारत, आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. यथार्थदर्शन शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. सरळ रस्ता घ्या, एका बिंदूकडे जाणाऱ्या रेघा मिळतात. इमारतीकडे वळा, वाकत जाणाऱ्या कमानी. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या आत उरका.

भोवती माणसं जमतात. "काय काढलालाव?" एक दुकानदार बराच वेळ खांद्यावरून पाहून म्हणाला, "समदं काढलाव, आमची पाटीच तेवढी राहिली की." बरोबर होतं. अवघड अक्षरं नकोत म्हणून पाटी गाळली होती.

त्या पाटीमुळे एका पेंटरशी ओळख झाली. एकेकाळी दुकानांच्या पाट्या, एसटीच्या बाजूच्या भिंती, निवडणुकीच्या घोषणा हाताने रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून काम तुटपुंजं. खडूच्या दोरीने दोन रेघा पाडून, अक्षर न मोजता, डोळ्यानेच जागा वाटून 'किराणा व भुसार' बसवायचा. 'र' सडपातळ आणि 'भ' ऐसपैस, मग दोघांमधली मोकळी जागा सारखी कशी दिसेल, हे त्याने चपट्या ब्रशने दाखवलं. अक्षरलेखनावरचं इतकं नेमकं मला क्लासमध्ये मिळालं नाही.

आता एक बोचरी गोष्ट. फिजिक्सच्या सरांना वर्षाची फी चेकने देणारे आपण, पेंटरकडून शिकलो की चहा पाजून मोकळे होतो. त्याचाही तास तासच असतो. मी पैसे पुढे केले तर त्याने आधी नको म्हटलं, मग घेतले, आणि पुढच्या वेळी जास्त नेटाने शिकवलं.

७. लक्ष्मण यांची गोष्ट सांगून फी वाचवू नका

आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. मध्ये प्रवेश नाकारला गेला, ही गोष्ट क्लास न लावणाऱ्यांची आवडती. खरी आहे. पण ते लहानपणापासून खिडकीतून दिसेल ते, विशेषतः कावळे, सतत काढत होते हा भाग सांगताना गळतो. बाबूराव पेंटर यांनी कुठल्या कलाशाळेत शिक्षण घेतलं नाही हेही खरं. पण त्यांचं घर कोल्हापुरातलं, वडील कारागीर, चुलतभाऊ आनंदराव बरोबरीने रंगवणारे. ज्याला आपण स्वयंशिक्षित म्हणतो त्याला बहुधा कुणीतरी शिकवलेलं असतं, पावती फाडलेली नसते एवढंच. ज्याच्या घरात, गल्लीत असं कुणी नाही, त्याला ती सोबत विकत घ्यावी लागते. आपल्या भागात बहुतेकांची गत हीच आहे.

८. ऑनलाइनचं थोडक्यात

रेकॉर्ड केलेला महागडा कोर्स घेण्याआधी फुकटचा एक तरी पूर्ण करा. 'ड्रॉअबॉक्स' नावाची इंग्रजी अभ्यासमाला मोफत आहे. तिच्यात नुसते खोकेच अडीचशे काढायला लावतात. तिचा एक नियम मला फार पटला: जितका वेळ सराव, तितकाच वेळ मनाला येईल ते काढण्यात घालवायचा. तिथेही धडे फुकट आणि अधिकृत तपासणीला पैसे. दुसऱ्या मुद्द्यात जे म्हटलं तेच जगभर चालतं. ऑनलाइन फी द्यायचीच तर तुमचं चित्र कुणीतरी पाहणार आहे का, एवढंच विचारा.

९. वर्षाची नको, महिन्याची. महिन्याची नको, तपासणीची

एकरकमी वर्षाची फी भरून सवलत घेऊ नका. मार्चअखेर आली की बँकवाल्याचा क्लास बुडतो, शेतकऱ्याच्या पोराचा सोयाबीनच्या काढणीत, शिक्षकांचा निवडणुकीच्या कामात. भरलेली फी परत मागायला आपल्याला लाज वाटते.

माझा रोजचा क्लास आता बंद आहे. नांदेडला सरांशी वेगळंच ठरवलंय. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, वही घेऊन जातो. ते तासभर पानं उलटतात, लाल पेन्सिलीने खुणा करतात, पुढच्या महिन्याला काय काढायचं ते सांगतात. त्या तासाचे पैसे रोख देतो. महिन्याच्या फीपेक्षा कमी पडतात आणि सरांनाही तासाचा दर बरा मिळतो. तुमच्या गावात चित्रकलेचे एखादे निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना जाऊन असं विचारा. जाताना भरलेली वही मात्र न्या.