रेस उतरत नाही? आधी हवा कुठून शिरते ते बघा

गाडी न्यूट्रलला उभी आहे, इंजिन गरम झालंय, तरी आरपीएमचा काटा 1,500 च्या खाली येत नाही. आणि गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आत ‘सेन्सर गेलाय’ म्हणतोय, तर चावी परत घ्या आणि दुसरीकडे चला. रागात लिहितोय, पण पैसे मोजून लिहितोय.

बीडमधल्या ज्या गॅरेजवर आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या जातात, तिथेच माझी छोटी पेट्रोल गाडी दिली. देतानाच दोन गोष्टी सांगितल्या. एक, रेस उतरत नाही. दोन, ब्रेकचं पेडल कडक झालंय, मांजरसुंब्याचा घाट उतरताना पाय रोवून दाबावं लागतं. त्यावर उत्तर काय, तर “ते वेगळं काम आहे सर. पॅड टाकू नवे.”

पॅड टाकले, पेडल तसंच. थ्रॉटल बॉडी साफ केली, रेस तशीच. थ्रॉटलचा सेन्सर बदलला, तरीही तेच. मग या गृहस्थाने कंपनीतून रंगाचा ठिपका लावून येणारा थ्रॉटलचा स्क्रू पिळला. त्यामुळे थ्रॉटल इतका घट्ट मिटू लागला की पहिल्यांदा अॅक्सिलरेटर दाबला की गाडी उडी मारायची. शेवटी स्कॅनर लावला. त्यात एकही कोड निघाला नाही, तर निष्कर्ष असा, “म्हणजे ईसीएमच, इंजिनाचा कॉम्प्युटरच गेलाय. अठरा-वीस हजार धरून चला.” थर्मामीटरमध्ये ताप दिसेना म्हणून डोकंच बदला म्हणण्यातला प्रकार! जुना सेन्सर मागितला तर “भंगारात गेला.”

केजला जाताना नेकनूरला थांबलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं निम्मं आयुष्य ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांत गेलेलं. त्यांना मी फक्त रेसचं बोललो. त्यांनीच उलट विचारलं, “ब्रेक कसा लागतोय?” मी बघतच राहिलो. त्यांनी बॉनेटखाली कान नेला, मॅनिफोल्डवरून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाईप फडक्याने धरला आणि चिमटला. इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे खाली बसला. सोडला की पुन्हा वर. क्लॅम्पजवळ, वळणावर, तेलाने मऊ पडलेल्या रबराला बोटाच्या पेराएवढी चीर होती. पाईप आणि मजुरी मिळून पाचशेच्या आत काम झालं. पेडलही मऊ झालं. मी पहिल्याच दिवशी सांगितलेल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं, आणि एकाने ऐकलंच नव्हतं.

कारण सरळ आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि इंजिन मॅनिफोल्डमधून जोरात हवा ओढत असतं. त्याच ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो. पाईप फाटला की चोरवाटेने हवा आत येते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल सोडलं जातं. दाब वाढला की ईसीएम पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. सेन्सर खरंच सांगत असतो, मग कोड कुठून येणार? स्कॅनर लावलाच तर कोड सोडा, चालू आकडे बघायला सांगा. गरम इंजिनाला आयडलवर हा दाब साधारण 30 ते 40 किलोपास्कल असतो. बराच जास्त दिसला तर बहुधा हवा शिरतेय.

आता तुमच्यासाठी. सकाळी थंड इंजिन 1,200 ते 1,500 वर असणं ठीकच आहे. गरम झाल्यावर 700 ते 900 च्या आसपास यायला हवं. एसी लावला की थोडं वाढतं. तापमानाचा काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का ते बघा, कारण इंजिन स्वतःला थंडच समजत राहतं. कूलंटही तपासा. थ्रॉटलची केबल ताणलेली नाही ना आणि पायाखालचं मॅट पेडलवर चढलेलं नाही ना, हे बघायला पैसे लागत नाहीत. 

ब्रेकची परीक्षा घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर घाट उतरायचं नाव काढू नका. हवेची गळती शोधायला काही जण जोडांवर कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो, तापलेल्या सायलेन्सरजवळ तो खेळ नको. आणि रंगाच्या ठिपक्याच्या स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका.

बाकी सर्व्हिसिंग वेळेवर करा वगैरे सगळ्यांना माहीत आहे.

काम सांगतानाच ‘काढलेला पार्ट मला परत’ हे बजावून ठेवा आणि पक्कं बिल घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. मी बिल मागितलं तेव्हा ‘घरचेच आहात, बिल कशाला’ असं उत्तर आलं. पैसे घेताना मात्र घरचेपणा आठवला नव्हता.