कीटकभक्षी झाडांची निगा : कमी द्या, जगतील

व्हीनस फ्लायट्रॅप किंवा घटपर्णीचं रोप हौसेनं घरी आणलं जातं आणि बरेचदा दोनेक महिन्यांतच काळं पडतं. आपण त्याला खत घालतो, चांगली माती देतो, नळाचं पाणी देतो. नेमकं तेच त्याला मारतं. असं का, ते बघूया.

ही झाडंही आपलं अन्न इतर झाडांसारखी उन्हातच तयार करतात. किडा ही त्यांची भाकरी नव्हे, ते त्यांचं खत आहे. ज्या दलदलीत ती वाढतात तिथल्या मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नसतात. ती उणीव ती किड्यांतून भरून काढतात. चार्ल्स डार्विनने दवबिंदूच्या (ड्रॉसेरा) पानांवर नाना पदार्थ ठेवून पाहिले. मांस आणि अंड्याचा पांढरा भाग पानांनी पचवला, स्टार्च मात्र पचवला नाही. त्याचा हा ग्रंथ १८७५ साली निघाला.

निकस जमिनीची सवय असलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत. निगा राखण्याचे सगळे नियम यातूनच निघतात.

पाणी : पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड. बोअरवेलचं नकोच. फ्लायट्रॅप आणि दवबिंदूची कुंडी सेंटीमीटरभर पाण्याच्या ताटलीत ठेवा. घटपर्णीची मुळं मात्र ओलसर हवीत, बुडालेली नकोत.

माती : पीट मॉस आणि पर्लाइट. शेणखत, गांडूळखत अजिबात नको.

ऊन : फ्लायट्रॅपला रोज काही तास थेट ऊन लागतं. घटपर्णीला भरपूर, पण गाळीव उजेड चालतो.

खाणं : किडे ती स्वतः पकडतात. फ्लायट्रॅपच्या आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो. गंमत म्हणून बोट घालू नका. एक सापळा मोजक्याच वेळा मिटतो, मग वाळून जातो.

निवड : फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या कॅरोलायनांचा. त्याला तीन-चार महिने थंडीची विश्रांती हवी, म्हणून गोव्याच्या हवेत तो टिकवणं कठीण. उष्ण सखल प्रदेशातल्या घटपर्णीच्या जाती मात्र इथल्या दमट हवेत रमतात.

आता शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. पावसाळ्यात आपल्या सड्यांवर, जांभ्यावरच्या पातळ मातीत, दवबिंदू उगवतो. लाल पानांवर चिकट थेंब चमकत असतात. तो दिसला की उपटून घरी न्यावासा वाटेल. नेऊ नका. सडा सुकला की तिथला गवती दवबिंदू आपलं आयुष्य संपवतो, पण त्याआधी बी टाकून जातो. उपटलेल्या रोपाबरोबर पुढच्या वर्षाचं बीही जातं. रोप हवंच असेल तर नर्सरीत वाढवलेलं घ्या. सड्यावरच्या रोपाची निगा पाऊस राखतो. आपण फक्त त्याच्यावर पाय पडू देऊ नये.