लहान ॲल्युमिनियम होडीतील घरगुती आसन

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत गोड्या पाण्याची असंख्य सरोवरे आहेत. त्यांवर गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक ज्या लहान होड्या वापरतात, त्यांपैकी पुष्कळशा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने बांधताना या धातूचे पत्रे वळविण्याचे व रिव्हेटने जोडण्याचे तंत्र चांगलेच प्रगत झाले होते. युद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील ग्रुमन या विमाने बांधणाऱ्या कंपनीने त्याच तंत्राने वल्हवण्याच्या अरुंद नावा बनविण्यास आरंभ केला. पुढे या धातूच्या होड्यांचा प्रसार झपाट्याने झाला. साडेतीन ते साडेचार मीटर लांबीची अशी होडी दोन माणसे सहज उचलतात. तिचा पत्रा मात्र जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो.

होडीत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोन किंवा तीन आडव्या बैठका बसविलेल्या असतात. त्या कठीण असतात, पहाटेच्या वेळी गार पडतात आणि त्यांना पाठ नसते. चार-पाच तास बसल्यावर कंबर दुखू लागते. साहजिकच, घरी एखादे आरामशीर आसन तयार करून ते होडीत बसवावे असा विचार मालकाच्या मनात येतो. विचार योग्य आहे. परंतु त्यासाठी मधली बैठक कापून काढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे.

याचे कारण असे की, ही बैठक केवळ बसण्यासाठी नसते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचे वरचे झाकण पूर्ण कापून काढले, तर त्याच्या बाजू बोटाने दाबल्या तरी आत जातात. त्याच डब्यात काठाजवळ एक काठी आडवी घट्ट बसविली, की बाजू ताठ राहतात. होडीतील बैठक या काठीचेच काम करते. ती काढल्यास लाटांच्या माऱ्याने बाजू हलू लागतात, रिव्हेट सैल होतात आणि सांध्यांतून पाणी झिरपू लागते.

बैठकीचे दुसरे काम याहूनही महत्त्वाचे आहे. तिच्या पोकळीत बहुधा हलका फेस-प्लॅस्टिकचा ठोकळा भरलेला असतो. १२० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशा ठोकळ्याचे आकारमान १०८ लिटर होते. तो पूर्ण बुडाला, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार १०८ किलोग्रॅम पाणी बाजूस सारतो. त्याचे स्वतःचे वजन तीन-चार किलोग्रॅमच असल्याने सुमारे १०४ किलोग्रॅम भार तो तोलून धरतो. उलट, ६० किलोग्रॅम वजनाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा पाण्यात केवळ २२ लिटर जागा व्यापतो, म्हणून फेसावाचून तो तळाशीच जाईल. उलटलेली किंवा पाण्याने भरलेली होडी तरंगत राहते आणि माणसांना तिला धरून राहता येते, ते या ठोकळ्यांमुळे. अमेरिकेत १९७१ च्या नौका-सुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार २० फुटांहून कमी लांबीच्या बहुतेक मोटार-होड्यांत अशी सोय ठेवणे बांधणाऱ्यास बंधनकारक आहे. जो मालक बैठक कापून टाकतो, तो नकळत हा आधारच काढून टाकतो.

म्हणून नवे आसन मूळ बैठकीच्या वर बसवावे. त्यासाठी १८ मिलिमीटर जाडीची, पाण्यात टिकणारी प्लायवूडची फळी घ्यावी. तिच्या कडा गोल कराव्यात आणि सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत. फळीच्या खाली दोन पट्ट्या अशा ठोकाव्यात की बैठकीची पुढची व मागची कड त्यांच्यामध्ये घट्ट बसेल. बैठकीच्या खालून पट्टा ओवता येत असेल, तर भोके न पाडता नायलॉनच्या पट्ट्याने फळी आवळून बांधता येते. खालची बाजू बंद असल्यास एका बाजूने बसविता येणारे ॲल्युमिनियमचे रिव्हेट वापरावेत आणि प्रत्येक भोक जलरोधक लुकणाने बुजवावे; कारण आत शिरलेले पाणी फेसात मुरले, तर होडी जड होते व फेसाचे सामर्थ्य घटते. होडीच्या तळाला मात्र कदापि भोक पाडू नये.

धातूंच्या निवडीतही सावधगिरी हवी. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले, की विद्युत्-रासायनिक क्रियेने त्यांपैकी एक झिजतो. पोलाद किंवा तांबे यांच्याजवळ झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. पितळेचे खिळे म्हणूनच वापरू नयेत. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरल्यास त्यांच्याखाली नायलॉनचे किंवा रबराचे वॉशर घालावेत. वाळवी व बुरशी यांपासून बचावासाठी तांब्याचे क्षार मुरविलेले लाकूडही पत्र्याला थेट लागू देऊ नये.

शेवटचा प्रश्न उंचीचा. समजा, होडी व सामान मिळून १०० किलोग्रॅम आणि बसणारा ७० किलोग्रॅम आहे. आसन २० सेंटिमीटर उंच केले, तर सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ८ सेंटिमीटर वर सरकतो. दोन माणसे अशाच आसनांवर बसली, तर तो जवळजवळ १२ सेंटिमीटर वर जातो. अरुंद होडीत हा फरक लहान नव्हे. मासा ओढताना माणूस एकीकडे झुकला, की होडी कलंडते. म्हणून फळी आणि उशी मिळून उंची आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा अधिक वाढू नये. आसनाला पाठ अवश्य असावी, पण ती घडी होणारी असावी.

काम झाल्यावर होडी काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात न्यावी आणि जीवरक्षक जाकीट घालून नव्या आसनावर बसून दोन्ही बाजूंना झुकून पाहावे. अमेरिकेतील नौका-अपघातांत बुडून मृत्यू पावलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या अंगावर जाकीट नव्हते, असे तेथील तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत पुनःपुन्हा आढळते. ते जाकीट आसनाखाली ठेवण्याची वस्तू नव्हे. आसनावर बसणाऱ्याच्या अंगावरच त्याची जागा आहे.