बहुरूपी डोंगल

२०१२ सालच्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, मी माझं दुकान स्वतःच्या हातानं तीन दिवस बंद पाडलं. निमित्त होतं बोटाएवढ्या एका डोंगलचं.

पाटणला एसटी स्टँडजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, आणि निकाल लागले की पोरांचे ऑनलाइन फॉर्म. इंटरनेट लँडलाइनवर होतं. रस्त्याच्या खोदकामात ती केबल तुटली आणि जोडायला कुणी फिरकेना. निकाल तोंडावर आलेले. शेवटी कराडला जाऊन थ्रीजीचं यूएसबी डोंगल घेऊन आलो. विकणारा म्हणाला, “काही करायचं नाही काका. लावायचं आणि चालू.”

लावलं. दिवा लुकलुकायला लागला आणि नुसता लुकलुकतच राहिला. ‘माय कॉम्प्युटर’ उघडून पाहिलं, तर तिथं दोन सीडी ड्राइव्ह! माझ्या मशीनला तर एकच. ही दुसरी कुठून आली? त्या काळात गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून रोज एक नवा व्हायरस दुकानात यायचा. फोल्डर गायब व्हायचे, नको त्या फायली उगवायच्या. मी मनाशी ठरवूनच टाकलं: हा व्हायरस.

दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, “फॉरमॅट मारू या. डेस्कटॉपवर काही आहे का?”

“नाही रे, सगळं डी ड्राइव्हला आहे,” मी ठोकून दिलं.

त्यानं फॉरमॅट मारला, विंडोज नव्यानं टाकली, तीनशे रुपये घेतले. डोंगल लावलं, तर दुसरी सीडी ड्राइव्ह पुन्हा हजर! आणि मग आठवलं की सात पत्रिकांच्या फायली डेस्कटॉपवर होत्या. एका मुलीचे वडील संध्याकाळी प्रूफ बघायला येणार होते. ते आले, खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “दाखवा.” दाखवायला माझ्याकडे रिकाम्या पडद्याशिवाय काही नव्हतं.

उलगडा केला भाचीनं. ती तेव्हा इंजिनिअरिंगला होती, सुट्टीत आली होती. ती म्हणाली, “मामा, त्या सीडीत काय आहे ते उघडून बघितलंत का?” नव्हतं बघितलं. व्हायरसच्या भीतीनं तिला हातही लावला नव्हता. तिनं डबल क्लिक केलं, आत ‘सेटअप’ नावाची फाइल होती ती चालवली. पाच मिनिटांत दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला आणि नेट सुरू झालं.

प्रकार असा होता. डोंगलला लागणारं सॉफ्टवेअर पूर्वी वेगळ्या सीडीवर यायचं. ती हरवायची, लहान लॅपटॉपना तर सीडी ड्राइव्हच नसायची. म्हणून बनवणाऱ्यांनी सीडी डोंगलच्याच पोटात घातली. लावल्याबरोबर डोंगल कॉम्प्युटरला सांगतं, ‘मी सीडी ड्राइव्ह.’ आतलं सेटअप चालून ड्रायव्हर बसला की तो डोंगलला इशारा देतो. मग डोंगल क्षणभर नाहीसं होतं आणि मोडेमच्या वेषात परत येतं. बहुरूपीच तो. एका वेषात आला म्हणून आपण दार लावून घेतलं, तर दुसरा वेष दिसणार कसा?

एरवी सीडी घातली की सेटअप आपोआप सुरू होतं. पण पेनड्राइव्हच्या व्हायरसना आळा म्हणून त्या दुरुस्तीवाल्यानं माझ्या मशीनवर ‘ऑटोरन’ बंद करून ठेवलं होतं. ते योग्यच होतं. फॉरमॅटनंतरही त्यानं सगळ्यात आधी तेच बंद केलं. म्हणजे मशीन धडधाकट, डोंगल धडधाकट, चुकला होता फक्त माझा अंदाज.

त्यानंतर दुकानात अशी डोंगलं घेऊन येणारे बरेच भेटले. त्यांना जे सांगत आलो, तेच इथं क्रमानं लिहितो.

आधी सिम तपासा. ते साध्या मोबाइलमध्ये घालून बघा. सिमला पिन लावलेला असेल तर मोडेम ओळखला जाऊनही नेटवर्क धरणार नाही. पिन तीनदा चुकला की पीयूके मागतात, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. अंदाजानं आकडे टाकत बसू नका.

मग डोंगल कुठं लावलंय ते बघा. यूएसबी २.०च्या पोर्टातून ५०० मिलीअँपियर वीज मिळते. रेंज कमी असली की मोडेम जोर लावतो आणि वीज जास्त ओढतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात किंवा लांबलचक एक्स्टेन्शन वायरवर तो मग तग धरत नाही. लावल्याचा ‘टुडुंग’ आवाज येतो, मिनिटभरात काढल्याचा येतो, परत लावल्याचा. हा आवाज ऐकलात की ड्रायव्हरच्या मागे लागू नका, डोंगल काढून थेट मागच्या पोर्टात लावा. आणि जिथं चाललं तिथंच कायम लावा, हवं तर त्या पोर्टाला टिकली चिकटवा. दुसऱ्या पोर्टात घातलं की विंडोज त्याला नवं उपकरण समजून वेगळा कॉम क्रमांक देऊ शकते, आणि डायल करणारं सॉफ्टवेअर जुनाच क्रमांक धरून बसतं.

यानंतर मशीनला विचारा, तुला काय दिसतंय? विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. नुसती सीडी ड्राइव्ह दिसली तर वेष बदललेला नाही. तिच्यातलं सेटअप चालवा. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर वेष बदललाय, पण ड्रायव्हर नीट बसलेला नाही. ‘मोडेम्स’खाली नाव दिसत असूनही नेट नसेल, तर प्रश्न ओळखीचा नाहीच. तेव्हा कंपनीकडून एपीएन विचारून घ्या आणि डायल करायचा क्रमांक तपासा. तो बहुधा *९९# असतो.

पुढच्या दिवाळीत भाचीनं माझ्या जुन्या मशीनवर उबंटू टाकून दिलं, तेव्हा तेच नाटक पुन्हा बघायला मिळालं. तिथं विंडोजचं सेटअप चालण्याचा प्रश्नच नव्हता. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ लिहिलं की जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ येते. त्यात कोलनच्या अलीकडे बनवणाऱ्याचा क्रमांक असतो, पलीकडे वस्तूचा. माझ्या डोंगलच्या ओळीत पलीकडे १४४६ होतं. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, डोंगल काढून पुन्हा लावलं, तर १४४६ जाऊन १४३६ आलं. वस्तू तीच, क्रमांक नवा. वेष बदलल्याची लेखी पावतीच हाती आली. हे मोफत सॉफ्टवेअर योसुआ डीट्स यांनी लिहिलंय आणि ते नेमकं हेच एक काम करतं. ते नसेल तर सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ करून बघा. काही डोंगलं तेवढ्यानंही मोडेम होतात.

आतली सीडी एका कमांडनं कायमची बंद करता येते, असं सांगणारेही भेटतील. काही मॉडेलवर ते जमतं. पण उद्या तेच डोंगल दुसऱ्याच्या विंडोजवर लावलंत तर ड्रायव्हर आणणार कुठून? करायचंच असेल तर आधी सीडीतल्या सगळ्या फायली कॉपी करून ठेवा.

फोरजीच्या बऱ्याच डोंगलांनी तर तिसराच वेष घेतलाय. ती मोडेम म्हणून येतच नाहीत, नेटवर्क कार्ड म्हणून येतात. डायल करणं नाही, कॉम क्रमांक नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ किंवा डोंगलच्या कागदावर छापलेला पत्ता टाकायचा, की सेटिंगचं पान उघडतं. मोडेम दिसत नाही म्हणून अशी डोंगलं परत करणारे मी पाहिलेत. आणि जुनं थ्रीजी डोंगल स्वस्तात मिळतंय म्हणून उचलण्याआधी आपल्या भागात थ्रीजी चालू आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी ते बंद झालंय.

त्या सात पत्रिका मी दोन रात्री जागून पुन्हा बसवल्या. घाईत एकीत मुलीच्या मामांचं नाव सुटलं आणि शंभर प्रती पदरच्या पैशानं पुन्हा छापून द्याव्या लागल्या. म्हणून हात जोडून सांगतो: अनोळखी काही दिसलं तर आधी ते काय आहे ते बघा. फॉरमॅट मारायचीच वेळ आली, तर त्याआधी डेस्कटॉप स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.