या आठवड्याचा अभ्यास : सध्या काय वाचताय?

॥ श्रीराम समर्थ ॥



ग्रुपवर पुस्तकांचे फोटो खूप येतात. खाली 'छान आहे, जरूर वाचा' एवढंच असतं. आपण हात जोडून पुढे जातो, वाचन राहूनच जातं.

कोणतं पुस्तक दुसऱ्याला सांगावं, याची कसोटी समर्थांनी दासबोधाच्या सातव्या दशकात, नवव्या समासात दिली आहे. ज्याने परमार्थ वाढतो, मनाला अनुताप होतो, भक्तीची गोडी लागते, तोच ग्रंथ. पुस्तक किती गाजलं हा प्रश्नच नाही. वाचणाऱ्यात काय फरक पडला ते महत्त्वाचं.

म्हणून पुस्तक सुचवताना तीन गोष्टी लिहूया :

१. आपलं किती वाचून झालं. अर्धंच झालं असेल तर तसं सांगावं.

२. कुठून सुरुवात करावी. दासबोधाचे २० दशक, २०० समास. 'दासबोध वाचा' म्हटलं की नवीन माणूस बिचकतो. 'हा एक समास वाचा' म्हटलं तर आजच वाचेल.

३. त्यातलं काय आचरणात आणून पाहिलं.

इंदूर-ग्वाल्हेरकडे कित्येक घरांत मुलांना मराठी वाचन जड जातं. त्यांना वगळू नका. माधवराव सप्रे यांनी दासबोध हिंदीत आणलेला आहे. नातवाने हिंदीत अर्थ वाचावा, आजीने मूळ ओवी म्हणावी. दोघांचंही श्रवण होतं.

येत्या गुरुवारी प्रत्येक घरातून एकाने तरी लिहावं. काहीच वाचलं नसेल, तर आधी एक समास वाचावा, मग लिहावं.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥